लॅपटॉप बंद होता ते अकरा दिवस

माझी बायको आजारपणात दीड वर्ष डाव्या हाताच्या एका बोटानं बोलत होती. त्या बोटाखाली एक जुना लॅपटॉप असायचा. तो बंद पडला, त्या दिवसांबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेलो नाही.

आमचं गाव विंझरच्या अलीकडं, डांबरी सोडून आत. मी गावचा पोस्टमास्तर. टपालघर म्हणजे घराच्या ओसरीतलंच एक टेबल, सकाळचे चार तास. उरलेला दिवस भाताच्या खाचरात. ती गावातल्या शाळेत शिकवायची. आधी पोरांना शिकवलं, मग त्या पोरांच्या पोरांना. सगळं गाव तिला बाई म्हणायचं. तिच्यामागं मीही बाईच म्हणायचो.

तिचा एक हट्ट होता, उच्चाराचा. आमच्याकडं भाताला बात म्हणतात, भुकेला बूक, घराला गर. पोरगं ‘बूक लागली’ म्हणालं की ती पट्टी टेबलावर आपटायची. “भ! तोंडासमोर हात धर. हाताला वारा लागला पाहिजे.” लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं मलाही असाच हात धरायला लावला होता. माझा भ सुधारला, ‘न्हाई’ मात्र गेलं नाही.

आजार जिभेपासून सुरू झाला. बोलताना शब्द घसरायला लागले. दुसरीतलं एक पोरगं घरी जाऊन म्हणालं, “बाई पिऊन आल्यावानी बोलत्यात.” ते फिरून तिच्या कानावर आलं. त्या संध्याकाळी तिनं चहा घेतला नाही, नुसती परसात उभी राहिली. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून मला एकट्याला आत बोलावलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा वाळत चालल्यात, यावर औषध नाही, म्हणाले. “डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील.” हे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं असावं.

बोलणं गेलं, मग पाय गेले, मग उजवा हात. डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं राहिलं.

लॅपटॉप तिचा शाळेचा. माहिती भरायला, निकाल करायला तिनं कधीकाळी भोरला घेतलेला. जाडजूड, काळा, झाकणाची एक बिजागरी तुटलेली. पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी एका रविवारी आली आणि तिनं आईच्या बोटाजोगी त्याची मांडणी करून दिली. बोट कळेवर रेंगाळलं तरी अक्षर एकदाच उमटावं, दोन कळा एकदम दाबाव्या लागू नयेत, अक्षरं मोठी दिसावीत. मोबाईलवर आम्ही आधी करून पाहिलं होतं. काचेवर तिचं बोट घसरायचं. लॅपटॉपची कळ खाली दबायची, टक्‌ वाजायची, म्हणजे तिला कळायचं की अक्षर लागलं.

मराठीच्या कळांमध्ये क साधा दाबला की येतो, पण ख साठी आधी शिफ्टची कळ दाबावी लागते. ग ला नाही, घ ला लागते. ब ला नाही, भ ला लागते. तिला प्रत्येक कळ म्हणजे उंबरा चढल्यासारखी. मग ती हळूहळू शिफ्ट टाळायला लागली. एके दिवशी पडद्यावर आलं, ‘पाट दुकते’. मी वाचलं आणि तिच्याकडं बघितलं. तिनं नजर खाली घेतली. त्यानंतर तसंच चालू राहिलं. बातात मीट नाही. लावनी जाली का. कूप गरम होतंय. मी मोठ्यानं वाचायचो तेव्हा मात्र भात म्हणायचो, मीठ म्हणायचो. तेवढं मला जमायचं.

लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ घ्यायचा, कधी दोन-तीनदा बटण दाबावं लागायचं. म्हणून तिचा नियम होता. पहिल्याच आठवड्यात तिनं लिहिलं होतं, ‘बंद करू नका’. इन्व्हर्टर होता, वीज गेली तरी चालायचा. दिवसभर तो तिच्यासमोर उघडा असायचा.

आषाढात आमची लावणी चालू होती. खाचरात सहा बायका चिखलात उभ्या आणि रोपांच्या मुठी संपलेल्या. मी पळत घरी आलो, तिला पाणी पाजलं. लॅपटॉपला हात लावला तर तवा झालेला. वीज सारखी येत-जात होती, दिवा मोठा-बारीक होत होता. मला वाटलं जळेल. मी म्हणालो, “थोडा गार होऊ दे. आल्यावर लावतो.” आणि बटण दाबून धरलं. तिचं बोट कळेकडं निघालं होतं ते मी बघितलं. पण तोवर पडदा काळा झाला होता, आणि मला घाई होती.

दोन तासांनी आलो, बटण दाबलं. छोटा दिवा लागला, पंखा घरघरला, आणि सगळं मेलं. परत दाबलं. दिवा, घरघर, आणि शांत. दहा वेळा केलं असेल. तिच्या डोळ्यांसमोरच करत होतो.

मुलीला फोन लावला. ती तेव्हा सात महिन्यांची गरोदर, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. फोनवरूनच एकेक सांगत गेली.

“आण्णा, चार्जर काढा. पालथा घाला. मागं दोन खटके आहेत, ते बाहेर सरकवा. बॅटरी निघेल.”

“निघाली.”

“आता नुसतं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग बॅटरी न लावता, फक्त चार्जर लावून बघा.”

दिवा, घरघर, शांत.

“दुसऱ्या बोर्डाला लावून बघा. स्वयंपाकघरातल्या.”

तिथंही तेच. मग तिनं विचारलं, “आई काय करतेय?” मी म्हणालो, “बघतेय.” ती रडायला लागली. मी फोन ठेवला. शेजारची म्हातारी म्हणाली, तांदळाच्या पिंपात घाल, मोबाईल भिजला की घालत्यात तसा. आमचा लॅपटॉप काही भिजला नव्हता, तरी मी घातला. संध्याकाळी काढला, पुसला, लावला. काही नाही.

दुसऱ्या दिवशी आंबवड्याहून माझी मेहुणी आली, बायकोची धाकटी बहीण. “दाजी, म्या हाय हितं. तुमी भोरला जावा,” म्हणाली. वेल्ह्याच्या मोबाईलवाल्याला आदल्या संध्याकाळी फोनवर विचारलं होतं, तो म्हणाला, ह्यातलं आपल्याला कळत न्हाई. मग लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून, वर खताची रिकामी गोणी बांधून मी एसटीनं निघालो. चेलाडीला उतरून पुढची गाडी, कापूरहोळावरून भोर.

दुकानदार चाळिशीचा, पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. त्यानं समोरच स्क्रू काढले. आतून कापसासारखी धूळ निघाली. मेमरीची पट्टी काढून पोरांच्या खोडरबरानं घासली, परत बसवली. दुसरा पडदा जोडून बघितला. दुसरा चार्जर लावून बघितला. मी त्याच्या हाताकडं बघत उभा होतो.

“काका, मेन बोर्डात दोष आहे,” तो म्हणाला. “करंट आत शिरतो नि मधेच तुटतो. पार्ट बदलून बघतो. दोन दिवस द्या.”

“आज न्हाई का व्हणार?”

“घाई आहे का? काय काम करता याच्यावर?”

आता मला वाटतं, तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. दुकानात आणखी दोघं उभे होते. माझी बायको याच्यावर बोलते, हे वाक्य त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, “घरची कामं हायेत थोडी.”

“मग दोन दिवसांनी या,” तो म्हणाला.

मुलगी म्हणाली, “मी नवा पाठवते.” मी नको म्हणालो. दोन दिवसांत होतोय, तिला त्या कळांची सवय आहे, नव्याच्या कळा चपट्या असतात. हे सगळं खरंच होतं. दोन दिवसांनी गेलो तेव्हा तो म्हणाला, पार्ट चालला नाही, दुसरा पुण्याहून मागवलाय, परवा येईल. त्या दिवशी पावसानं रस्त्यावर दरड आली आणि गाडीच आली नाही. रोज वाटायचं, आता एवढे थांबलो, उद्या होईलच.

घरी आम्ही तक्ता काढला. तिनंच कधीतरी वर्गासाठी जुन्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून बाराखडी लिहिली होती, मोठ्या, गोल अक्षरात. तो मी खाटेसमोर भिंतीला लावला. मी पट्टीनं एकेक ओळ दाखवायची, बरोबर ओळ आली की तिनं डोळे मिटायचे. मग त्या ओळीतलं अक्षर. मग पुढचं. ऐकायला सोपं वाटतं. पण तिचे डोळे कोरडे पडायचे, पापणी आपोआप मिटायची, मी ते उत्तर धरायचो आणि भलतंच अक्षर लागायचं. मग तिला नाही म्हणायची सोय नव्हती. ती नुसती बघत राहायची, आणि आपण चुकलोय हे मला त्या बघण्यावरून ओळखावं लागायचं. एका शब्दाला पाव तास. जोडाक्षर आलं की मी हातच टेकायचो.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं दोन अक्षरं दिली. पा. ठ. लॅपटॉपवर आळस करायची ती, इथं शिफ्ट नव्हती, तर तिनं नीट ठ दिला. मला इतका आनंद झाला.

“पाठ! कुठला पाठ? शाळेतला?”

तिनं डोळे मिटले नाहीत. मला वाटलं थकली. मी फळीवरून तिसरीचं, चौथीचं पुस्तक काढलं, अनुक्रमणिका उघडून एकेका पाठाचं नाव वाचायला लागलो. “हा का? बरं, हा?” दहा-बारा नावं वाचली असतील. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, कानात उतरलं. मी म्हणालो, “आठवण येती व्हय शाळेची?” आणि तिच्याच पदरानं ते पाणी पुसलं.

मेहुणी चूल सोडून आत आली. “दाजी, काय म्हनती आक्का?”

“पाठ म्हणतेय. कुठला पाठ ते कळंना.”

ती पुस्तकाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. “आवं, पाठ! तिची पाठ!” तिनं खाटेवर गुडघा टेकला, बहिणीला एका अंगावर वळवलं. कमरेच्या खाली, माकडहाडावर, तळहाताएवढा लाल डाग पडला होता. मधे कातडी सुटायला आली होती. आदल्या रात्री कूस बदलायची आम्ही विसरलो होतो. रोज ती सांगायची. ‘पाट दुकते’ असं पडद्यावर आलं की आम्ही वळवायचो. आपणहून लक्षात ठेवायची सवयच आम्हाला लागली नव्हती.

मी पुस्तकं परत फळीवर ठेवली. बाहेर येऊन टपालाच्या टेबलाशी बसलो. एक जण मनीऑर्डर करायला आला होता, त्याचा फॉर्म मी दोनदा चुकीचा भरला.

त्यानंतर ती तक्त्याकडं बघायचीच बंद झाली. मी पट्टी घेऊन उभा राहिलो की डोळे मिटून घ्यायची, आणि मिटलेलेच ठेवायची. मेहुणी म्हणायची, “आक्का, बघ की गं. कायतरी सांग.” मी एकदा चिडलो. “मी काय करू आता? सांग ना! मुद्दाम मोडला का मी?” असं बोललो. तिनं डोळे उघडले नाहीत.

अकराव्या दिवशी मी चौथ्यांदा भोरला गेलो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तो म्हणाला, “काका, हा पण पार्ट बसला नाही. अख्खा बोर्डच बदलावा लागेल. जुन्या मशीनचा आहे, शोधायला आठ-पंधरा दिवस जातील. चालेल ना?”

मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. आजार, बोट, शिफ्टची कळ, पाठीवरचा डाग, सगळं. तो हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून ऐकत राहिला.

“आणि अकरा दिवस त्या गप्प आहेत?”

“व्हय.”

“काका, पहिल्या दिवशी सांगायचं न्हाई का हो?” त्याचा आवाज चढला. “ह्यो दुकानातला दिला असता की मी. तवाच दिला असता. माझं काय अडलं असतं?”

त्यानं टेबलावरचा स्वतःचा लॅपटॉप बंद केला, माळ्यावरून एक जुना, उंच कळांचा कीबोर्ड काढून पुसला. माझ्या मुलीला फोन लावून, ती सांगेल तशी सगळी मांडणी केली. मराठी आणली, अक्षरं मोठी केली. मग चेलाडीपर्यंत मला मोटरसायकलवर सोडायला आला.  उतरताना म्हणाला, “सावकाश आणून द्या.”

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली नव्हती. मी मेहुणीला हाक मारली, दोघांनी मिळून तिला उशांना टेकवून बसवलं. लॅपटॉप समोर ठेवला, कीबोर्ड मांडीवरच्या पाटावर. सुरू झाला. लगेच. पांढरा पडदा बघून तिचे डोळे मोठे झाले, अकरा दिवसांत पहिल्यांदा. मी तिचं मनगट उचलून कळांवर ठेवलं.

“लिही. काय पण लिही.”

बोट हललं. म्हणजे त्याच्या मुळाशी कातडीखाली काहीतरी थरथरलं. टोक क च्या कळेवर टेकलेलं होतं. कळ दबली नाही. तिनं परत जोर केला, मानेच्या शिरा दिसल्या, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. कळ दबली नाही. मी कीबोर्ड जवळ सरकवला, मग खाली घेतला, मग मनगटाखाली फडक्याची घडी ठेवली. मेहुणी म्हणाली, “दाजी, दमली आसंल. सकाळी बघू.”

सकाळी बघितलं. दुपारी बघितलं. चार दिवस बघितलं. मुलगी फोनवर म्हणायची, “आई, प्रयत्न कर ना गं.” मग एक दिवस मुलीनंच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे होणारच होतं, एखाद्या महिन्यानं झालं असतं किंवा दोन महिन्यांनी. वापरात राहिलं असतं तर थोडं टिकलं असतं का, हे नक्की सांगता येत नाही. मी आजही ते वाक्य दोन्हीकडून वाचतो. कुठूनही वाचलं तरी ते अकरा दिवस माझ्या हातातून गेले ते गेलेच. त्या दिवसांत तिला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक नाही.

पाचव्या दिवशी मी दुकानदाराचा लॅपटॉप परत नेऊन दिला. झालं का, असं त्यानं विचारलं नाही. माझ्याकडं बघूनच त्यानं तो हातातून घेतला.

आमचा लॅपटॉप गणपतीच्या आधी दुरुस्त झाला. दुसऱ्या कुठल्या तरी मोडक्या मशीनचा बोर्ड त्याला बसला. सुरू व्हायला पूर्वीसारखा वेळही घेत नाही. मी तो घरी आणला, तिला दाखवला नाही. ती दिवाळीनंतर गेली. शेवटचे दोन महिने मी रोज जेवढं सुचेल तेवढं तिच्याशी बोलायचो. पावसाचं, भाताच्या लोंब्यांचं, मुलीला मुलगा झाला त्याचं. ती डोळे उघडे ठेवून ऐकायची. ऐकून तिला काय वाटायचं ते मी ठरवायचो आणि तेच खरं धरायचो.

ती गेल्यावर महिनाभरानं मी लॅपटॉप उघडला. तिचं सगळं लिहिणं एकाच फायलीत होतं. दीड वर्षाचं. काहीच पुसलेलं नव्हतं. सुरुवातीला शब्द पूर्ण होते, भ ला भ, घ ला घ. पुढं पुढं आमच्या गावासारखे. पानी. दार लावा. पंका बंद करा. दूद नको. तारीख नाही, वेळ नाही. आणि फक्त तिचंच. मी काय बोललो ते कुठंच नाही, कारण मी तोंडानं बोलायचो.

पहिल्यांदा मी बसून आपली उत्तरं आठवायचा प्रयत्न केला. बरीच आठवली. ‘लावनी जाली का’ म्हणाली तेव्हा मी म्हणालो होतो, वरचं खाचर राहिलंय. ‘ती कदी येनार’ म्हणाली तेव्हा मी म्हणालो होतो, रविवारी. काही ठिकाणी तिच्या वाक्यावरूनच कळायचं की मी काहीतरी चेष्टा केली असणार.

बऱ्याच खाली, पाण्याच्या आणि पंख्याच्या मधे, एक ओळ आहे. ‘असं नका बोलू.’ अ लाही शिफ्ट लागते; त्या अ साठी तिनं ती दाबली होती.

मी फाईल मुलीला पाठवली. तिनं दोन दिवसांनी फोन केला. इकडचं तिकडचं बोलली, बाळाचं बोलली. मग म्हणाली, “आण्णा, तुम्ही काय बोलला होता तिला? तिथं, खाली?”

मी म्हणालो, “आठवत न्हाई गं.”

खरंच आठवत नाही.